आध्यात्मिक मनुष्य आणि त्याचें घर

नाहूर येथें आम्ही कांहीं कुटुंबें महिन्यांतून एकदां एकत्र जमतों आणि जुन्या मराठी ग्रंथांपैकीं एखादा वाचतों. अलीकडच्या बैठकींत लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ वाचावयास घेतलीं होतीं. श्रोत्यांत हिंदु आहेत, तसे ख्रिस्तीहि आहेत. भांडुप आणि मुलुंड यांच्यामधील आमच्या या वस्तीस, किंबहुना सबंध साष्टी बेटासच, अशी सरमिसळ नवी नाहीं. एके दिवशीं वाचन संपल्यावर, आपल्या मंडळींत अनेक वर्षें सेवा केलेल्या एक वृद्ध बाई सहज म्हणाल्या, “आमच्याकडे एखाद्या सेवकाला फार आध्यात्मिक माणूस म्हणतात ना, तेव्हां त्याच्या बायकोला कोणीं विचारलेलें नसतें.” सर्व जण हंसले. बाई मात्र हंसल्या नाहींत. त्यांचें तें वाक्य माझ्या मनांत राहिलें, आणि तेव्हांपासून हें पुस्तक मी निराळ्या दृष्टीनें वाचूं लागलों. ख्रिस्ती सेवेंत आध्यात्मिक मनुष्य कोणास म्हणावें, या प्रश्नाचा फार प्रामाणिक विचार ‘स्मृतिचित्रां’त झालेला आहे, असें मला वाटतें. आश्चर्य हें कीं, तो प्रश्न त्या पुस्तकांत कोठेंहि विचारलेला नाहीं.

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. ख्रिस्ती धर्मविचार मराठी वळणाच्या भाषेंत उतरविण्याचा उद्योग, १६१६ सालीं रायतूर येथें छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून, चारशें वर्षें चाललेला आहे. या उद्योगांत जे शब्द आपल्या परंपरेंतून उचलले गेले, ते आपला जुना वास घेऊनच आले. ‘आध्यात्मिक’ हा त्यांपैकींच एक. हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें जो पुरुष उभा राहतो, तो एकान्तांत बसलेला, संसारापासून मन काढून घेतलेला, मितभाषी आणि निरिच्छ असा असतो. घर आणि अध्यात्म हीं दोन टोकें आहेत, असें आपण न बोलतां गृहीत धरतों. ख्रिस्ती मनुष्यहि मराठींतच वाढलेला असल्यामुळें त्याच्याहि कल्पनेंत तोच पुरुष येऊन बसतो. फरक एवढाच कीं, त्याच्या अंगांत झगा असतो आणि हातांत बायबल असतें.

पौलाच्या पत्रांतील आध्यात्मिक मनुष्य मात्र याहून वेगळा आहे. करिंथकरांस लिहितांना त्यानें केलेला भेद प्रसिद्ध आहे. एक मनुष्य केवळ आपल्या स्वाभाविक बुद्धीवर चालणारा, दुसरा आध्यात्मिक, आणि या दोहोंखेरीज तिसरा, जो विश्वास ठेवणारा तर आहे, पण अजून देहबुद्धीनेंच वागतो. त्या मंडळींत वक्तृत्व होतें, ज्ञान होतें, नाना प्रकारचीं कृपादानें होतीं; पण त्यांच्यांत हेवा व कलह आहे, तट आहेत, म्हणून त्यांना आध्यात्मिक म्हणून संबोधतां येत नाहीं, असें पौल त्यांस स्पष्ट बजावतो. आणि गलतीकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत तर तो आध्यात्मिक मनुष्याकडे एक नेमकें काम सोंपवतो. कोणी एखाद्या अपराधांत सांपडला, तर त्यास सौम्यपणें पुन्हां उभें करावें, आणि तसें करतांना आपणहि मोहांत पडूं, याची जाणीव ठेवावी. यांत डोळे मिटून बसण्याचा उल्लेख नाहीं. पौलाच्या मतें आध्यात्मिकतेचा निवाडा माणसामाणसांतील व्यवहारांत होतो.

हा भेद धर्मसेवा करणाऱ्या माणसासच सर्वांत अधिक नडतो. सुतार प्रार्थना करूं लागला, तर तें त्याच्या धंद्याहून निराळें असतें. धर्मसेवकाचा धंदाच प्रार्थनेचा. उपदेश, भजन, सांत्वन यांवरच त्याचा चरितार्थ. त्यामुळें आध्यात्मिक दिसणें त्यास जितकें सोपें, तितकें इतर कोणास नाहीं. आणि आपण तसे आहोंत असा स्वतःचाच समज करून घेणें तर त्याहूनहि सोपें. व्यासपीठावरच्या सुरास लोक भुलतात. तो सूर घरीं आल्यावर कसा उमटतो, हें फक्त घरच्या माणसांस ठाऊक असतें, आणि त्यांना तें लिहून ठेवण्याची संवय नसते.

आपल्या संतवाङ्मयांत ही उणीव ठळकपणें जाणवते. तुकोबांची पत्नी जिजाई, जिला लोक आवली म्हणून ओळखतात, ती आपणांस कोणत्या रूपानें माहीत आहे? कजाग, तोंडाळ, देवालाहि शिव्या देणारी. हें चित्र भक्तांनीं काढलें, महिपतींसारख्या संतचरित्रकारांनीं तें घरोघर पोंचविलें, आणि कीर्तनकारांनीं त्यांत आपले रंग भरले. भुकेलीं मुलें पदरांत असतांना घरांतलें धान्य वाटून टाकणाऱ्या पुरुषाशीं संसार करणें म्हणजे काय, हें तिच्या तोंडून आपण कधींच ऐकलें नाहीं. तिनें लिहिलें असतें, तर तुकोबांची थोरवी उणी झाली असती असें मला वाटत नाहीं. पण ती थोरवी कोणाच्या जिवावर उभी होती, हें आपणांस कळलें असतें. ‘स्मृतिचित्रां’चें महत्त्व माझ्या मतें येथें आहे. संताच्या घरांतली बाजू या पुस्तकांत घरांतल्याच बाईनें सांगितली आहे.

टिळकांच्या चरित्राची रूपरेषा वाचकांस ठाऊकच आहे. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत झाला. १८८० सालीं, लक्ष्मीबाई अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या असतांना, त्यांचा विवाह झाला. टिळक कवि, वक्ते, संस्कृतज्ञ; पण एका गांवीं, एका नोकरींत स्थिर राहणें त्यांच्या स्वभावांतच नव्हतें. नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्या हातीं बायबल दिलें, आणि पुढें फेब्रुवारी १८९५ मध्यें मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयानें अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें त्यांचें कार्य सुरू झालें. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. मे १९१९ मध्यें मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. ‘स्मृतिचित्रें’ त्यानंतर पंधरा वर्षांनीं, १९३४ पासून, भागाभागानें प्रसिद्ध होऊं लागलीं. वडिलांचें चरित्र सिद्ध व्हावें म्हणून पुत्र देवदत्त यांनीं आईस आठवणी लिहावयास लावलें. आणि चरित्राचें साहित्य म्हणून जें लिहिलें गेलें, तेंच मराठी गद्याचा एक अलंकार होऊन बसलें.

१९२३ सालीं विन्स्लो यांनीं लिहिलेलें टिळकांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झालें. तें आदरानें आणि अभ्यासपूर्वक लिहिलेलें आहे. परंतु त्यांतील १८९५ साल आणि ‘स्मृतिचित्रां’तील १८९५ साल हीं जणूं दोन निराळ्या शतकांतलीं आहेत. चरित्रकाराच्या दृष्टीनें तें साल म्हणजे एका सत्यशोधकाच्या यात्रेचा मुक्काम. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीनें त्या सालीं घर बुडालें. पदरीं लहान मूल, नाशिकाकडील नातलगांचा आश्रय, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि समाजाच्या डोळ्यांत कींव व कुतूहल यांचें मिश्रण. त्या काळांत त्यांच्या मनाची जी अवस्था झाली, ती वाचतांना आजहि वाचकाचा घसा दाटून येतो. टिळकांच्या बाप्तिस्म्याची किंमत टिळकांनीं दिली खरी. पण त्याहून मोठा हप्ता त्यांच्या पत्नीनें भरला, आणि तो भरण्यास ती राजी आहे काय, हें तिला कोणीं विचारलें नव्हतें.

येथें टीकाकारास दोन सोपे मार्ग मोकळे असतात. ईश्वराच्या हांकेपुढें संसाराची काय कथा, असें म्हणून टिळकांची सुटका करणें हा एक; आणि ज्यानें बायकोचे असे हाल केले, त्याच्या अध्यात्माची मातबरी ती काय, असें म्हणून त्यांस निकालांत काढणें हा दुसरा. लक्ष्मीबाई या दोन्हीं मार्गांनीं जात नाहींत. त्यांनीं अपराधास अपराध म्हटलें आहे. नवऱ्याचा शीघ्रकोप, न सांगतां निघून जाण्याची खोड, पैसा हातांत न टिकणें, घरांत काय आहे-नाहीं याची बेफिकिरी, यांपैकीं कांहींहि त्यांनीं झांकलेलें नाहीं. आणि तरीहि पुस्तक संपवितांना वाचकाच्या मनांत टिळकांविषयीं जें उरतें, तें प्रेमच असतें. लपवाछपवी न करतां हें साधणें फार कठीण. पौलानें सांगितलेलें सौम्यपणें उभें करण्याचें काम येथें पत्नीच्या लेखणीनें पतीच्या बाबतींत केलें आहे. त्या अर्थानें पाहतां, ज्यांच्या नांवामागें ‘रेव्हरंड’ होतें त्यांच्याहून, ज्यांच्या नांवामागें कांहींच नव्हतें त्यांच्याकडे हें आध्यात्मिक कार्य अधिक आलें, असें म्हणावें लागतें.

परंतु एवढ्यावर थांबलें, तर टिळकांवर अन्याय होईल. पुस्तकाचा पुढील भाग बारकाईनें वाचला पाहिजे. वियोगाचीं वर्षें संपून लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. आपलें सोंवळें-ओंवळें, आपलें वेगळें अन्न आणि पाणी संभाळून त्या आल्या. ज्या मनुष्यानें आपल्या मतासाठीं सर्वस्व सोडलें, त्याच्याच घरांत त्याचें मत न मानणारी चूल पेटली. उतावळा, तापट, दुसऱ्याचें मन वळविण्यांत ज्याची हयात जात होती, असा हा उपदेशक आपल्या बायकोच्या बाबतींत काय करतो? तो थांबतो. तिच्यावर बाप्तिस्मा लादीत नाहीं. हजारोंस उपदेश करणें हें त्यांच्या स्वभावास साजेसें होतें; एका माणसासाठीं गप्प राहणें स्वभावाविरुद्ध होतें. म्हणून टिळकांच्या आध्यात्मिक जीवनांतील खरा विजय मला त्यांच्या कोणत्याहि व्याख्यानाहून या थांबण्यांत दिसतो. १८९५ सालीं त्यांनीं जें विचारलें नव्हतें, तें पुढील वर्षांत त्यांनीं न बोलतां विचारलें, आणि उत्तरासाठीं वाट पाहिली.

तें उत्तर आलें तेंहि कसें? टिळकांच्या युक्तिवादानें नव्हे. राहुरीस असतांना लक्ष्मीबाईंनीं जातिभेदाविषयीं स्वतःशींच विचार केला. ही उतरंड देवानें निर्माण केली कीं माणसानें, असा प्रश्न त्यांनीं आपल्या मनास घातला. आणि तें माणसाचें काम आहे असें ठरतांच, ज्यांच्या हातचें पाणी आजवर वर्ज्य होतें, त्यांच्या हातचें तें घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम माणसाशीं माणसासारखें वागण्याचें ठरलें, मग धर्म आला. पुष्कळांच्या बाबतींत क्रम उलटा असतो. धर्म आधीं येतो आणि माणुसकी त्याच्या मागून येतां येतां वाटेंतच राहते.

पंडिता रमाबाईंनीं आपल्या बाबतींत हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेनें कबूल केली आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं त्यांना उमगलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. हे शब्द कोणा नवख्या विश्वासिणीचे नाहींत. तोंपर्यंत १८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें होतें, विधवांची सेवा सुरू झाली होती, नांव देशोदेशीं गाजलें होतें. एवढें सर्व असूनहि आपल्या हातीं अद्याप खरी वस्तु आली नाहीं, असें म्हणण्याचें धैर्य ज्या व्यक्तींत असतें, तीच पुढें केडगांवच्या मुक्तिसदनासारखें काम उभें करूं शकते. सेवा म्हणजे आध्यात्मिकता नव्हे. पुष्कळ वेळां सेवेचा व्याप हाच आपलें अंतरंग रिकामें आहे हें न कळूं देणारा पडदा असतो. रमाबाईंनीं तो पडदा स्वतः बाजूस सारला. टिळकांच्या घरीं तो सारावयास कोणी दुसरें माणूस होतें, आणि तें विनोदी होतें.

त्या विनोदाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. ‘स्मृतिचित्रां’ची विनोदबुद्धि वाखाणणारे टीकाकार पुष्कळ झाले, पण तिला भाषेचा एक गुण मानून ते पुढें जातात. मला ती धर्मबुद्धीचाच भाग वाटते. लक्ष्मीबाई टिळकांस हंसतात, पण त्याहून अधिक स्वतःस हंसतात. आपलें सोंवळें, आपली भीति, आपलें अज्ञान, सभेंत बोलतांना झालेली आपली फजिती, सर्व कांहीं त्या अशा रीतीनें सांगतात कीं, सांगणारी आणि जिच्याविषयीं सांगितलें ती, या दोघी जणूं शेजारणी आहेत. स्वतःपासून इतक्या अंतरावर उभें राहणें, आणि तरी स्वतःचा तिरस्कार न करणें, यासच आपले जुने लोक साक्षित्व म्हणत. त्या शब्दाचें नांवहि न घेतां तें या बाईंच्या ठायीं होतें. दुष्काळांतील निराधार मुलांस त्यांनीं घरांत घेतलें, नगरास प्लेगच्या छावणींत रोग्यांची शुश्रूषा केली, बालकवि ठोमरे यांच्यासारख्या घर सोडून आलेल्या तरुण कवीस आईची माया लावली; आणि या प्रसंगांची हकीकत सांगतांना आपण कांहीं सत्कृत्य करीत आहोंत असा सूर चुकूनहि लागूं दिला नाहीं. धर्मसेवकांचे वार्षिक अहवाल ज्यांनीं वाचले असतील, त्यांस या संयमाची किंमत कळेल.

आतां १९१७ सालाकडे वळूं. त्या सालीं टिळकांनीं मिशनच्या पगारी नोकरींतून निवृत्ति घेतली, आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ नांवाचा बंधुसंघ स्थापण्याचा उद्योग आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्हीं प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा. तुकोबांच्या अभंगांवरून आपण ख्रिस्ताच्या पायांशीं आलों, असें मानणाऱ्या कवीस शेवटीं संतांच्याच वाटेनें जावेंसें वाटलें, यांत नवल नाहीं. सेवा आणि नोकरी यांतील भेद त्यांस वर्षानुवर्षें टोंचत होता. भाकरीसाठीं ज्याच्यावर अवलंबावें लागतें, त्याच्यापुढें मान आपोआप लवते. आणि लवलेल्या मानेनें केलेल्या उपदेशास आपल्या लोकांत वजन राहत नाहीं, हें त्यांनीं अनुभवानें ओळखलें होतें. आजहि हा प्रश्न जुना झालेला नाहीं. केवळ ख्रिस्ती संस्थांतच नव्हे, तर ज्या ज्या ठिकाणीं धर्म आणि पगार यांची गांठ पडते, त्या त्या ठिकाणीं तो उभा आहे.

टिळकांचें हें पाऊल थोर होतें, यांत शंका नाहीं. परंतु त्यामुळेंच ते आध्यात्मिक ठरले, असें मी म्हणणार नाहीं. पगार सोडणें हें पुरुषास एका दिवसांत करतां येतें. तो सुटल्यानंतरचा संसार बायकोस रोज करावा लागतो. १८९५ मध्यें आणि १९१७ मध्यें टिळकांनीं केलेल्या त्यागांत एक साम्य आहे, तें विसरून चालणार नाहीं. एक मोठा फरकहि आहे. पहिल्या वेळीं लक्ष्मीबाई त्या त्यागाच्या केवळ बळी होत्या. दुसऱ्या वेळीं त्या आपल्या विचाराच्या, आपल्या पायांवर उभ्या असलेल्या, नवऱ्याचें वेड कोठें दिव्य आहे आणि कोठें नुसतें वेड आहे हें ओळखणाऱ्या गृहिणी होत्या. मधल्या बावीस वर्षांत हें माणूस घडलें होतें. टिळकांच्या सेवेचें सर्वांत मोठें फळ कोणतें, असें कोणीं विचारलें, तर मी देवाच्या दरबाराकडे बोट न दाखवितां या घडणीकडे दाखवीन.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. घरच्या माणसांस न्यायासनावर बसविणें योग्य आहे काय? प्रत्यक्ष येशूस त्याच्या आप्तांनीं वेडा ठरविलें होतें, आणि संदेष्ट्यास आपल्या घरींच मान मिळत नाहीं, असें त्यानेंच म्हटलें आहे. आवलीची तुकोबांविषयींची कुरकुर खरी मानली, तर तुकोबा उरतात कोठें? या आक्षेपांत तथ्य आहे. म्हणून आरंभीं सांगितलेल्या त्या वृद्ध बाईंच्या वाक्यास मी थोडी पुस्ती जोडतों. घरच्या माणसाची शिफारस हा पुरावा नव्हे, आणि तक्रार हाहि पुरावा नव्हे. पाहावयाचें तें हें कीं, त्या मनुष्याच्या सहवासांत घरचें माणूस लहान होत गेलें कीं मोठें होत गेलें. तें भिऊन गप्प झालें कीं निर्भयपणें बोलूं लागलें. टिळकांनीं जिला अक्षरओळख करून दिली, तिनें त्याच अक्षरांनीं टिळकांचे दोष साऱ्या महाराष्ट्रास सांगितले, आणि तसें सांगण्यांत आपण कांहीं पाप करतों असें तिला क्षणभरहि वाटलें नाहीं. ज्या घरांत धर्माच्या नांवावर भय नांदतें, त्या घरांतून असें पुस्तक निघत नाहीं. पौलानेंच दुसऱ्या एका ठिकाणीं म्हटलें आहे कीं, जेथें प्रभूचा आत्मा असतो, तेथें मोकळेपणा असतो. ‘स्मृतिचित्रें’ हा त्या मोकळेपणाचा लेखी दाखला आहे.

पुस्तकाची एक मर्यादाहि नमूद केली पाहिजे. लक्ष्मीबाई आपल्या अंतर्यामींच्या प्रार्थनाजीवनाविषयीं फार थोडें बोलतात. घडलेला प्रसंग त्या डोळ्यांपुढें उभा करतात. त्या प्रसंगानें आत्म्यांत काय हाललें, तें बहुधा वाचकावर सोंपवितात. धर्मशोधनाचा इतिहास म्हणून जो हें पुस्तक हातीं घेईल, त्याची कदाचित् निराशा होईल. टिळकांनीं अपुरें ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. त्याचा बहुतेक भाग त्यांचाच, आणि १९३८ सालीं, त्यांच्या पश्चात्, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या भक्तीचें दर्शन तेथें व्हावें अशी अपेक्षा असते. पण खरें बोलावयाचें तर ‘ख्रिस्तायना’च्या ओंव्यांत ख्रिस्ताची कथा आहे, आणि ‘स्मृतिचित्रां’च्या साध्या गद्यांत त्या कथेचा परिणाम आहे, म्हणूनच पहिला ग्रंथ कपाटांत राहिला, आणि दुसरा तीन पिढ्या हातोहातीं फिरला. भक्तीविषयीं जी बाई फारशी बोलत नाहीं, तिची भक्ति वाचकास अधिक पटते. या मौनास मर्यादा म्हणावें कीं सामर्थ्य, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

टिळकांचें एक सुप्रसिद्ध भजन आहे. आपण अजून पुष्कळ उणे आहोंत, असें त्यांत ते प्रभूस सांगतात. अशीं वचनें भजनांत लिहिण्याची रूढीच असते, म्हणून आपण त्यांकडे दुर्लक्ष करतों. परंतु ‘स्मृतिचित्रें’ वाचून झाल्यावर तें भजन आठवावें. मग त्यांत रूढीचा लेशहि दिसत नाहीं. तें उणेंपण कोणतें, किती आणि कोणास भोगावें लागलें, याचा तपशील आपल्यापाशीं असतो. कवीनें देवापाशीं जें मोघम कबूल केलें, तें पत्नीनें तारीखवार लिहिलें, आणि दोघांच्या जबान्या जुळतात. आध्यात्मिक मनुष्य निर्दोष असतो, असें पौलानें कोठें म्हटलेलें नाहीं, आणि टिळकांच्या घरींहि तसें आढळत नाहीं. आपल्या दोषाचा साक्षीदार ज्याच्या शेजारीं निर्भयपणें बसूं शकतो, आणि त्या साक्षीनें जो संतापून न उठतां नम्र होतो, तो त्या नांवास पात्र आहे, एवढेंच या पुस्तकावरून मला समजलें.

नाशिकहून मुंबईस येणारा लोहमार्ग आमच्या नाहूरावरूनच जातो. नाशिक आणि मुंबई यांमध्यें या दांपत्याच्या जीवनाच्या किती तरी घडामोडी विभागल्या गेल्या आहेत. पुस्तकाचें शेवटचें प्रकरण वाचून झालें त्या संध्याकाळीं बाहेरून एक लांब पल्ल्याची गाडी धडधडत गेली, आणि कांहीं क्षण बोलणें थांबलें. गाडी गेल्यावर मीं त्या वृद्ध बाईंस विचारलें, “मग काय, टिळक आध्यात्मिक होते कीं नव्हते?” त्यांनीं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलें आणि म्हणाल्या, “बायकोनें एवढें लिहिलें, आणि तरी तिला ते हवेसे वाटतात. मला वाटतं, होते.” थोड्या वेळानें त्या पुन्हां म्हणाल्या, “पण माझा कौल तिलाच.”